वाचलेली वीज कोठे जाते?

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवण म्हणून जपली आहे. तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. अंथरुणाची लांबी ठरलेली असते, आणि आवर घालायचा तो पायांना. यंत्रयुगाने हे गृहीत उलटे करून टाकले. यंत्र सुधारले की अंथरूणच लांब होते. तेवढ्याच कोळशात, तेवढ्याच तेलात, तेवढ्याच विजेत पूर्वीपेक्षा अधिक काम होऊ लागते. मग पाय कोठवर पसरावेत, हा प्रश्न म्हण रचणाऱ्याला पडण्याचे कारण नव्हते. आजच्या प्रत्येक घराला मात्र तो पडलेला आहे, मग त्या घराला त्याची जाणीव असो वा नसो. कमी वीज खाणारा दिवा घरी आणला तर वाचलेली वीज खरोखर वाचते, की दुसऱ्या वाटेने खर्च होऊन जाते? अर्थशास्त्रात या प्रश्नाचा विचार दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. राजधानीतील एका रस्त्याच्या इतिहासावर नजर टाकली, तरी तो प्रश्न आपल्या देशातील घराघरांशी कसा येऊन भिडतो हे ध्यानात येते.

नवी दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटपर्यंत जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जाई. लॉर्ड कर्झन हे १८९९ ते १९०५ या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. पुढे १९११ साली राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविण्याचे जाहीर झाले, तेव्हा त्या निर्णयास कर्झन यांनी कडाडून विरोध केला. आणि तरीही नव्या राजधानीतील एका प्रमुख रस्त्यास त्यांचेच नाव मिळाले. विजेच्या इतिहासातही त्यांच्या कारकिर्दीची एक खूण आहे. १९०३ चा वीज कायदा त्यांच्याच काळात झाला. त्या कायद्याखाली १९०५ साली जॉन फ्लेमिंग या इंग्रज कंपनीला दिल्लीत वीज निर्माण करण्याची परवानगी मिळाली, आणि जुन्या दिल्लीतील लाहोरी गेटापाशी डिझेलवर चालणारे एक छोटे वीजघर उभे राहिले. आज ज्या शहराची विजेची मागणी हजारो मेगावॉटांत मोजली जाते, त्या शहराचा प्रारंभ अवघ्या दोन मेगावॉटांच्या त्या वीजघरापासून झाला.

वीज येण्यापूर्वी, आणि आल्यानंतरही बराच काळ, दिल्लीच्या उन्हाळ्याला तोंड देण्याच्या रीती अगदी निराळ्या होत्या. या मार्गाच्या जवळच, हेली रोडलगत, अग्रसेन की बावली नावाची प्राचीन विहीर आहे. शंभराहून अधिक पायऱ्या उतरून माणूस जसजसा खाली जातो, तसतशी त्याला दगडाची आणि सावलीची थंडाई लागत जाते. नव्या राजधानीतील बंगल्यांनी हीच युक्ती जमिनीवर आणली. जाड भिंती, उंच छत, छताखाली उष्ण वारा बाहेर काढणारे झरोके, चहू बाजूंनी रुंद व्हरांडे, आणि दारांवर पाण्याने भिजविलेल्या वाळ्याच्या ताट्या, असा तो सरंजाम असे. मार्गाच्या इंडिया गेटकडील टोकास बडोदा हाउस ही भव्य वास्तू आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या आणि पुढे बडोद्याच्या गादीवर बसलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या संस्थानासाठी एडविन लट्येन्स या वास्तुशिल्पज्ञाने तिचा आराखडा केला. स्वातंत्र्यानंतर तेथे उत्तर रेल्वेचे मुख्य कार्यालय आले. राजवाड्यांची आणि बंगल्यांची ही थंडाई फुकटची नव्हती. तिच्यामागे ताट्या भिजविणारे आणि पंख्याची दोरी ओढणारे हात राबत असत. आणि इतके करूनही उन्हाळा असह्य झाला, तर साहेबाचे सारे सरकारच बाडबिस्तरा घेऊन सिमल्यास जाई.

विजेच्या पंख्याने पहिला मोठा पालट घडविला. दोरीचा पंखा ज्याच्या पदरी नोकर त्याच्याच डोक्यावर हले. विजेचा पंखा कारकुनाच्या खोलीतही फिरू शकला. एका माणसाच्या श्रमापेक्षा तो कितीतरी स्वस्तात वारा घाली. म्हणून एका दिवाणखान्यातला पंखा घरातल्या प्रत्येक खोलीत गेला, आणि दुपारपुरता चालणारा पंखा रात्रभर चालू लागला. पंख्यानंतर वाळ्याचा कूलर आला, कूलरनंतर वातानुकूलन यंत्र आले. अमेरिकेत विलिस कॅरिअर यांनी १९०२ साली छापखान्यातील दमट हवेवर उपाय म्हणून जे यंत्र योजिले, त्याचा वंशविस्तार आज दिल्लीच्या खिडक्याखिडक्यांतून दिसतो. या जिन्याची प्रत्येक पायरी चढताना एकच गोष्ट घडत आली. सोय स्वस्त झाली, म्हणून ती अधिक वापरली गेली. या साध्या गोष्टीचा पहिला नीट विचार झाला तो मात्र घरगुती विजेच्या बाबतीत नव्हे, तर इंग्लंडच्या दगडी कोळशाच्या बाबतीत.

१८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या तरुण अर्थशास्त्रज्ञाने कोळशाच्या प्रश्नावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडचे सारे वैभव त्या काळी कोळशावर उभे होते, आणि कोळसा संपला तर काय, ही चिंता जाणत्या लोकांना लागली होती. पुष्कळांचे समाधान असे की, वाफेची यंत्रे सुधारत आहेत, ती दिवसेंदिवस कमी कोळसा खातील, आणि म्हणून साठे लांबवर पुरतील. जेव्हन्स यांनी हे समाधान खोडून काढले. न्यूकोमेन यांचे १७१२ चे वाफेचे यंत्र इतके खादाड होते, की ते खाणीच्या तोंडाशीच परवडे. जेम्स वॉट यांनी कोळशाची बचत करणारे यंत्र तयार केले, तेव्हा ते खाणीपासून निघून गिरण्यांत आणि कारखान्यांत पोहोचले. यंत्र काटकसरी झाले म्हणूनच ते सर्वत्र गेले, आणि सर्वत्र गेले म्हणून कोळशाचा एकूण खप वाढला. स्कॉटलंडमधील लोखंडाच्या भट्ट्यांचे उदाहरण त्यांनी दिले आहे. तेथे एक टन लोखंडास लागणारा कोळसा पूर्वीच्या एकतृतीयांशाहूनही कमी झाला. पण १८३० ते १८६३ या काळात कोळशाचा एकूण खप दसपट झाला. इंधनाचा काटकसरीने उपयोग म्हणजे इंधनाचा कमी खप, ही समजूतच चुकीची आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पुढे शंभर वर्षे या विचाराकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९७० नंतरच्या दशकात खनिज तेल महागले, आणि घरोघरी ऊर्जेची बचत करण्याची हाक जगभर दिली गेली, तेव्हा डॅनियल खझूम आणि लेनर्ड ब्रूक्स या अर्थशास्त्रज्ञांनी जुना प्रश्न पुन्हा मांडला. आता त्याला ‘रिबाउंड इफेक्ट’ असे नाव आहे. जमिनीवर आपटलेला चेंडू जसा उसळून परत येतो, तशी वाचविलेली ऊर्जा अंशतः खर्चाच्या रूपाने परत येते. म्हणून मराठीत तिला ‘उसळी’ म्हणता येईल. ही उसळी तीन वाटांनी येते. दिवा स्वस्तात जळतो म्हणून तो अधिक वेळ लावला, ही पहिली आणि सरळ वाट. दिव्यावर वाचलेल्या पैशातून दुसरी वस्तू घेतली, आणि ती वस्तू बनविण्यास व चालविण्यास पुन्हा ऊर्जा लागली, ही दुसरी वाट. ऊर्जा स्वस्त पडल्याने सबंध समाजाचे उद्योग, इमारती आणि सवयीच बदलल्या, ही तिसरी. आणि ती मोजण्यास सर्वांत अवघड.

पहिल्या वाटेचे गणित कोणत्याही घराला करता येते. जुना साठ वॉटचा बल्ब रोज पाच तास लावला तर तीनशे वॉट-तास वीज जाते. त्याच्या जागी नऊ वॉटचा एलईडी बल्ब तेवढाच वेळ लावला तर पंचेचाळीस वॉट-तास पुरतात. बचत उघड आहे. पण दिवा स्वस्त पडतो म्हणून ओटीवर एक, जिन्यात एक, देवघरात एक आणि माजघरात एक असे चार दिवे झाले आणि ते रोज आठ तास जळू लागले, तर वीज जाते दोनशे अठ्ठ्याऐंशी वॉट-तास. म्हणजे घरात उजेड कितीतरी वाढला, पण मीटरचा आकडा जवळजवळ जुन्याच ठिकाणी येऊन उभा राहिला.

हे गणित काल्पनिक असले तरी दिव्याचा इतिहास त्याच दिशेने गेलेला आहे. महाराष्ट्रातील घरांनी समई, चिमणी, कंदील, गॅसबत्ती असा प्रवास केला आहे. साताऱ्याकडील ओगलेवाडीच्या कारखान्यात तयार होणारा प्रभाकर कंदील ज्या घरात होता, तेथे रात्र पडली की त्या एकाच कंदिलाभोवती सारे घर गोळा होई. मुलांचा अभ्यास, आजीची पोथी आणि आईची निवडटिपण एकाच उजेडात चाले. वीज आल्यावर प्रत्येकाला आपापला दिवा मिळाला. इंग्लंडमधील या बदलाचा हिशेब रॉजर फूके आणि पीटर पिअर्सन या संशोधकांनी मांडला आहे. त्यांच्या मते १८०० सालच्या तुलनेत २००० साली प्रकाशाची किंमत तीन हजारांश भागापेक्षाही कमी झाली होती, आणि दर माणशी प्रकाशाचा वापर साडेसहा हजार पटींनी वाढला होता. त्याच दोन शतकांत माणशी उत्पन्न सुमारे पंधरा पट झाले. म्हणजे प्रकाशाच्या वापरातील ही वाढ केवळ श्रीमंतीने झाली नाही. तिच्यात दिव्याच्या सुधारणेचा वाटा फार मोठा होता.

भारतात घरगुती विजेच्या काटकसरीचा संघटित प्रयत्न या शतकाच्या आरंभी सुरू झाला. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, आणि त्यानुसार मार्च २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्थापना झाली. २००६ पासून शीतकपाटे, ट्यूबलाईट, वातानुकूलन यंत्रे यांच्यावर तारे दिसू लागले. जितके तारे अधिक तितकी वीज कमी. ५ जानेवारी २०१५ रोजी एलईडी दिव्यांच्या वाटपाची योजना जाहीर झाली, ती ‘उजाला’ या नावाने प्रसिद्ध आहे. पंतप्रधानांच्या साउथ ब्लॉकमधील कार्यालयातला एक जुना बल्ब काढून तेथे एलईडी बल्ब लावण्यात आला. कस्तुरबा गांधी मार्गापासून ती जागा फार दूर नाही. पुढील काही वर्षांत या योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीत २०१४ च्या प्रारंभी तीनशे रुपयांच्या वर असलेली एका बल्बची किंमत २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्याही खाली आली. ही कामगिरी कोणत्याही दृष्टीने लहान नाही. निळा प्रकाश देणारा एलईडी शोधून पांढऱ्या दिव्याचा मार्ग मोकळा करणाऱ्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या शोधाचा लाभ भारतातील कोट्यवधी घरांना इतक्या लवकर मिळेल, असे तेव्हा थोड्यांनाच वाटले असेल.

या प्रयत्नाच्या शेजारी दिल्लीचा दुसरा आकडा ठेवला पाहिजे. २००२ साली दिल्लीची विजेची कमाल मागणी २,८७९ मेगावॉट होती. १९ जून २०२४ रोजी ती ८,६५६ मेगावॉटपर्यंत चढली. बावीस वर्षांत तिप्पट. याच काळात दिवे, पंखे, शीतकपाटे आणि वातानुकूलन यंत्रे पूर्वीपेक्षा कितीतरी काटकसरी झाली होती. मग काटकसर व्यर्थ गेली काय? असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. या काळात दिल्लीची लोकसंख्या वाढली, लोकांचे उत्पन्न वाढले, आणि उन्हाळाही तीव्र झाला. २०२४ च्या त्या जून महिन्यात काही रात्री दिल्लीचे किमान तापमानच पस्तीस अंशांच्या आसपास राहिले. यंत्रे सुधारली नसती तर हा आकडा आणखी वर गेला असता, हेही तितकेच खरे. पण काटकसरी यंत्रे आली की विजेची मागणी आपोआप उतरेल, ही आशा मात्र या आकड्यांनी फोल ठरविली आहे.

काटकसर कोठे टिकते आणि कोठे निसटते, याचा उलगडा करणारा एक पुरावा मेक्सिकोतून आला आहे. तेथील सरकारने २००९ पासून जुनी शीतकपाटे आणि जुनी वातानुकूलन यंत्रे परत घेऊन त्यांच्या जागी नवी, काटकसरी यंत्रे घेण्यास लोकांना साहाय्य दिले. लुकस डेव्हिस, अ‍ॅलन फुक्स आणि पॉल गर्टलर या अर्थशास्त्रज्ञांनी त्या घरांची विजेची बिले तपासली. शीतकपाट बदललेल्या घरांत विजेचा वापर आठ टक्के कमी झाला. अपेक्षेच्या मानाने ही बचत एकचतुर्थांशच होती, पण बचत झाली खरी. वातानुकूलन यंत्र बदललेल्या घरांत मात्र विजेचा वापर कमी होण्याऐवजी वाढला. कारण समजण्यास कठीण नाही. शीतकपाट जुने असो वा नवे, ते चोवीस तास चालूच असते. त्याला अधिक चालविणे शक्य नाही. नवे शीतकपाट जुन्यापेक्षा मोठे असले तर तेवढी उसळी येते. वातानुकूलन यंत्राचे तसे नाही. त्याचे बटण माणसाच्या हातात असते, आणि जुने यंत्र बिलाच्या धाकाने जेथे बंद केले जाई, तेथे नवे चालूच राहते.

दिल्लीच्या घरात हे कसे घडते, याचा हिशेब मांडून पाहता येईल. समजा, एका घरातील जुने यंत्र तासाला दोन युनिट वीज घेते आणि घरची मंडळी ते रात्री सहा तास लावतात. खर्च झाला बारा युनिट. नवे पंचतारांकित यंत्र तासाला सव्वा युनिटाहूनही कमी, म्हणजे एक पूर्णांक दोन दशांश युनिट घेते. सहा तासांना सात युनिटांच्या थोडे वर. पण बिल कमी येते असे पाहून घराने ते रात्री दहा तास चालविले, तर पुन्हा बाराच युनिट. शिवाय यंत्र खोलीतील उष्णता नाहीशी करीत नाही. ती बाहेर रस्त्यावर टाकते. एका खिडकीचे यंत्र शेजारच्या खिडकीची हवा तापविते, आणि शेजाऱ्याला आपलेही यंत्र लावणे भाग पडते. वाळ्याच्या ताटीत हा दोष नव्हता.

तथापि उसळीचे भय वाढवून सांगण्याचेही कारण नाही. केनेथ गिलिंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिताना, उसळीचा बाऊ करून कार्यक्षमतेचे प्रयत्न सोडून देणे चूक आहे, असे बजावले. श्रीमंत देशांतील अभ्यासांवरून घरगुती ऊर्जेच्या बाबतीत सरळ उसळी साधारणतः तीस टक्क्यांच्या आतच आढळते. म्हणजे दहा युनिटांपैकी सात तरी बचत पदरात राहते. ज्या घरात उजेड आणि ऊब आधीच मुबलक आहे, तेथे दिवा स्वस्त झाला म्हणून कोणी रात्रभर जागत बसत नाही. पाय पसरून झालेल्या माणसाला लांब अंथरुणाचा मोह फार होत नाही.

भारताचा प्रश्न येथेच निराळा होतो. कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठातील जॉयश्री रॉय यांनी २००० साली भारतातील अनुभवावरून दाखविले की, जेथे गरजाच अपुऱ्या राहिलेल्या असतात, तेथे उसळी फार मोठी असते. कंदिलाच्या अपुऱ्या उजेडात दिवस काढलेल्या घराला चांगला दिवा मिळाला, तर ते घर तो अधिक वेळ लावणारच. वाचलेले रॉकेल ते फेकून देत नाही; ते दुसऱ्या गरजेकडे वळविते. अशा घराला उधळपट्टीचा दोष देणे अन्यायाचे होईल. जे मूल पूर्वी अंधारात अभ्यास सोडून उठे, ते आता आणखी एक तास वाचते; जी म्हातारी उकाड्याने तळमळे, ती आता पंख्याखाली झोपते. वीज वाचली नाही हे खरे, पण त्या विजेने जे साधले ते मोलाचे आहे. सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यानुसार त्या सुमारास भारतातील जेमतेम आठ टक्के घरांत वातानुकूलन यंत्र होते. उरलेल्या ब्याण्णव टक्क्यांना उन्हाळा सोसण्याचा उपदेश करण्याचा अधिकार आठ टक्क्यांना पोहोचत नाही.

म्हणून उसळी ही एकच गोष्ट नसून दोन गोष्टी आहेत, हे ओळखणे अगत्याचे आहे. एक उसळी अपुऱ्या गरजेची. ती म्हणजे काटकसरी यंत्राने गरिबाला दिलेली भेट होय. दुसरी उसळी सवयीची. भर उन्हाळ्यात अठरा अंशांवर खोली गार करून अंगावर रजई घेण्याची, रिकाम्या खोलीत दिवे जळत ठेवण्याची, आणि इमारतच अशी बांधण्याची की यंत्राविना तिच्यात बसताच येऊ नये. पहिल्या उसळीला वाट करून द्यावयाची आणि दुसरीला बांध घालावयाचा, हे काम यंत्राला करता येत नाही. ते समाजाला करावे लागते.

या बांधाचे काही प्रकार अनुभवास आले आहेत. पहिला दराचा. जो जितका अधिक वापरील त्याला पुढील युनिट तितके महाग, ही टप्प्याटप्प्याच्या दराची रीत बहुतेक राज्यांत आहे. दिल्लीत २०१९ साली दरमहा दोनशे युनिटांपर्यंत वीज मोफत करण्यात आली, तेव्हा त्या रेषेच्या आत राहण्यासाठी काटकसरी पंखा आणि दिवा उपयोगी पडू लागला. पण रेषेच्या बरेच खाली असलेल्या घराला काटकसरीचे पैशात काहीच मोल उरले नाही. दराचा बांध असा दोन्ही बाजूंनी पाझरतो. दुसरा प्रकार नियमाचा. १ जानेवारी २०२० पासून नव्या वातानुकूलन यंत्रांचे तापमान मुळात चोवीस अंशांवर ठेवून ती विकावीत, असा नियम झाला; तापमान एक अंशाने वाढविले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. घरच्या माणसाने बटण दाबून ते खाली आणले तर त्याला अटकाव नाही. पण न बदललेले बटणही पुष्कळ काम करते.

तिसरा प्रकार वास्तूचा. गरजच कमी करण्याचा. कस्तुरबा गांधी मार्गावर १९९२ साली पूर्ण झालेली ब्रिटिश कौन्सिलची इमारत चार्ल्स कोरिया यांची आहे. मुंबईत राहून काम केलेल्या या वास्तुशिल्पज्ञाने भारताचे ऊन आणि वारा यांचा विचार आयुष्यभर केला. त्यांच्या मुंबईतील कांचनजंगा या उंच इमारतीत खोल सज्जे ठेवलेले आहेत, ते जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांची आठवण करून देतात. या मार्गावर अशा विचाराच्या वास्तूंच्या शेजारीच काचेच्या आणि सिमेंटच्या उंच कचेऱ्याही आहेत. अशी काचेची भिंत दिवसभर ऊन आत घेते आणि यंत्र दिवसभर ते बाहेर टाकते. तेथे कितीही तारांकित यंत्र बसविले, तरी त्याची अर्धी शक्ती भिंतीची चूक निस्तरण्यात जाते. सावली मात्र एकदा बांधली की तिचे बिल येत नाही, आणि म्हणून तिची उसळीही फारशी येत नाही.

चौथा बांध सर्वांत अवघड, पण त्याचे उदाहरण महाराष्ट्रात घडलेले आहे. २००५ नंतरच्या वर्षांत राज्यात भारनियमनाने कहर केला होता. खेड्यांत तासन्‌तास वीज नसे. त्या वेळी महावितरणने अक्षय प्रकाश योजना पुढे आणली. संध्याकाळच्या वेळी गावाने पंप आणि जड यंत्रे चालवू नयेत, केवळ दिवे, पंखे, दूरचित्रवाणी यांपुरतीच वीज घ्यावी. त्याबदली गावाला अखंड उजेड मिळेल, असा तो करार होता. तो पाळण्याचे काम गावानेच करावयाचे. अनेक गावांनी तो पाळला. येथे कोणतेही यंत्र सुधारले नव्हते. सुधारली होती ती आपसातील समजूत. एकाने चोरून पंप चालविला तर सगळ्यांचा दिवा जातो, हे प्रत्येकाला डोळ्यांसमोर दिसत होते, म्हणून वाचलेली वीज खरोखर वाचली आणि ती घरांच्या दिव्यांकडे गेली.

शहरात ही समजूत रुजविणे कठीण आहे, कारण तेथे विजेचा उगम डोळ्यांआड झालेला आहे. पूर्वी दिल्लीची वीजघरे दिल्लीतच धूर सोडीत. इंद्रप्रस्थ वीजकेंद्र २००९ च्या अखेरीस बंद झाले, आणि बदरपूरचे केंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये. शहराच्या हवेसाठी ते आवश्यकच होते. पण त्यामुळे दिल्लीकराच्या खोलीतील गारवा आणि दूरच्या प्रांतातील खाणीचा कोळसा यांतील नाते दिसेनासे झाले. मध्यरात्री चाललेल्या यंत्राला सूर्याची वीज मिळत नाही. दिल्लीत तर आता उन्हाळ्याच्या रात्रीही मागणी शिगेला पोहोचते. तेव्हा बहुतांशी कोळसाच जळतो. जेव्हन्स यांना ज्या कोळशाची चिंता होती, तोच कोळसा दीड शतकानंतर दिल्लीच्या झोपेची राखण करतो आहे.

आज या मार्गावरील कर्झन यांचे नाव गेले आहे, आणि तेथे कस्तुरबांचे आले आहे. कस्तुरबांचा अंत २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान राजवाड्यात, बंदिवासात झाला. त्यापूर्वी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात त्या ज्या कुटीत राहिल्या, ती बा-कुटी आजही पाहावयास मिळते. विदर्भाचा उन्हाळा दिल्लीच्या उन्हाळ्याहून सौम्य नाही, आणि ती कुटी माती, बांबू व कौलांची आहे. दिल्लीच्या सव्वादोन कोटी माणसांनी मातीच्या कुट्यांत राहावे, असे कोणी म्हणणार नाही. म्हणून उपयोगही नाही. पण किती पुरे, हा प्रश्न त्या कुटीत कोणीतरी विचारला होता, आणि त्याचे उत्तर ठरवून भिंती बांधल्या होत्या. तारांकित यंत्रे हा प्रश्न विचारीत नाहीत, आणि तो विचारणे हे त्यांचे कामही नव्हे. अंथरूण लांब करण्याचे काम शास्त्रज्ञांनी आणि कारागिरांनी उत्तम केले आहे. ज्यांना आजवर अंथरूणच नव्हते, त्यांच्यासाठी त्यातील काही लांबी राखून ठेवावयाची की नाही, याचा निर्णय मात्र ज्यांचे पाय पुरेसे पसरलेले आहेत त्यांनीच करावयाचा आहे.